पन्नासावरची रेघ

मी एक जुना चुकीचा पर्याय आहे. हसू नका, मित्रांनो! बरोबर उत्तराचं कौतुक सगळेच करतात. पण चुकीचं उत्तर घडवायलाही डोकं लागतं, हे कोणाच्या गावीही नसतं.

माझा जन्म गणिताच्या एका मास्तरांच्या जेवणाच्या टेबलावर झाला. प्रश्न असा होता: एक गाडी ताशी चाळीस किलोमीटर वेगाने गेली आणि त्याच रस्त्याने ताशी साठच्या वेगाने परतली, तर तिचा सरासरी वेग किती? उत्तर होतं अठ्ठेचाळीस. ते त्यांनी चुटकीसरशी लिहिलं. चोवीस आणि शंभर हे पर्यायही पटकन सुचले. माझ्यापाशी मात्र ते पेन चावत बसले.

"अहो, चुकीचंच ना ते? द्या ठोकून काहीतरी," त्यांची बायको म्हणाली.

"असं कसं? पोरं जिथे घसरतात, नेमकं तिथेच ते उभं हवं."

आणि त्यांनी लिहिलं: क) पन्नास. चाळीस आणि साठच्या अगदी मधोमध, दिसायला देखणा, मनाला लगेच पटणारा.

पुढे मी कितीतरी परीक्षांत राबलो. भले भले हुशार माझ्या गळाला लागले. "काय झकास पर्याय काढलाय!" म्हणून मास्तरांची पाठ थोपटली गेली. पण खरं सांगू? माझ्याकडे नीट कोणी पाहिलंच नाही. कोणी घाईघाईने माझा गोल काळा केला, तर कोणी उत्तर पाठ असल्यामुळे मला ओलांडून गेलं. काहींनी तर "अडलं की क लाव" एवढ्याच भरवशावर मला निवडलं. त्याचं मला फार वाईट वाटायचं.

मग ती आली. नर्सिंगची प्रवेश परीक्षा होती. ती एका दवाखान्यात आयाचं काम करायची आणि पुढच्या वर्षी तिचं वय अटीत बसणार नव्हतं. ही शेवटचीच संधी, त्यात चुकीच्या उत्तराला गुण कापणार. तिचं पेन माझ्यावर टेकलं. म्हटलं, गेली हीसुद्धा!

पेन थांबलं. तिने प्रश्नापुढे एक टिंब दिलं आणि चक्क पुढे निघून गेली. सोपे प्रश्न उरकून परत आली. आधी शंभर खोडलं. गाडी साठच्या वर गेलीच नव्हती. मग चोवीस, चाळीसच्या खालीही ती आली नव्हती. उरलो अठ्ठेचाळीस आणि मी. अंतर दिलेलं नव्हतं, तर तिने ते स्वतःच धरलं, एकशे वीस किलोमीटर. जायला तीन तास, यायला दोन.

आणि मग तिने मलाच खरं धरलं! पन्नासच्या वेगाने पाच तासांत अडीचशे किलोमीटर व्हायला हवेत. झाले होते दोनशे चाळीस. मी थक्क झालो. एवढ्या वर्षांत मला कोणी विचारलंच नव्हतं, की बाबा रे, तू खरा आहेस का? तिने अठ्ठेचाळीसही तसंच ताडून पाहिलं आणि माझ्यावर एक सरळ रेघ ओढली. मला अंग नाही, तरी त्या रेघेने काटा आला.

तिने घरी आणलेली प्रश्नपत्रिका सासूबाईंनी नातवाला भरवता भरवता वाचली आणि त्यांचा घास हातातच राहिला.

"अगं, पन्नासच तर बरोबर दिसतंय! खोडलंस कशाला? पुन्हा बसता यायचं नाही तुला!"

"आई, मलाही तेच बरोबर वाटलं. म्हणून तर आधी त्यालाच तपासलं."

निवड झालेल्यांच्या यादीत तिचं नाव सगळ्यात शेवटी होतं. एक उत्तर जरी चुकलं असतं, तरी ते यादीत आलं नसतं. सासूबाई आधी रडल्या, मग सुनेला म्हणाल्या, "बस आता, मी वाढते."

मित्रांनो, मला निवडू नका, एवढंच माझं मागणं नाही. मला न तपासता खोडूही नका. ज्यांनी मला घाईने निवडलं, त्यांच्यातला एकही चेहरा मला आठवत नाही. जिने मला विचारून नाकारलं, तिचा अजून डोळ्यांपुढे आहे.