भट्टीची पूजा

विष्णुपंतांचा स्वभाव म्हणजे आधी नाही म्हणायचं आणि मग गुपचूप तेच करायचं. निवृत्तीनंतर अंबरनाथ एमआयडीसीत एक गाळा भाड्याने घेऊन त्यांनी भट्टी मांडली. बाथरूमला लावतात तसल्या स्वस्त टाइलवर सिलिकॉनचा पातळ थर चढवून सोलर सेल करायचा, हा एकच ध्यास. लेक ऋता दोन वर्षं सोबत खपली. "बाबा, टाइल तापली की तिच्यातली घाण सिलिकॉनमध्ये शिरते. मध्ये एक आडथर द्या," असं सांगून सांगून थकली आणि जर्मनीला गेली. ती गेल्यावर यांनी आडथर दिला. शहाणपण सुचायची वेळ बघा.

नवरात्रात ती सुट्टीवर बदलापूरला आली. दसऱ्यानंतर, परतायला एक दिवस उरला तेव्हा कुठे विष्णुपंत तिला गाळ्यावर घेऊन गेले. सकाळीच भट्टीतून निघालेली टाइल तिने दिव्याखाली धरली, तारा जोडल्या. मीटर ढिम्म.

"बाबा, खंडेनवमीला भट्टीची पूजा केलीत?"

"केली की. चाळीस वर्षं मशीनची पूजा करतोय."

"कुंकू कुठे लावलंत?"

त्यांनी भट्टीच्या तोंडाशी, टाइल आत सरकवायच्या नळीच्या आतल्या कडेला बोट दाखवलं. ऋताने कपाळाला हात लावला. कुंकवातला कणभर धातूही सिलिकॉन नासवतो, हे तिला यांनीच शिकवलं होतं.

"तिकीट पुढे ढकलते," ती म्हणाली. "नळी धुऊ, नवी टाइल करू. दहा दिवस लागतील."

दहा दिवस. विष्णुपंतांना आनंद लपवता येईना. लेक पुन्हा शेजारी उभी राहून वाद घालणार, डबा अर्धा अर्धा खाणार. ती गेल्यापासून ते याचसाठी झुरत होते. पूजेआधी काढलेली एक टाइल कपाटात होती आणि ती चालत होती. हे फक्त त्यांनाच ठाऊक. गप्प बस म्हाताऱ्या, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

ऋता एव्हाना जमिनीवर बसून बोल्ट काढू लागली होती. तिकडची नोकरी नवी, रजा संपलेली. विष्णुपंतांना राहवेना. त्यांनी कपाट उघडलं.

"ही पूजेआधीची आहे. हिला लाव तारा."

मीटरवर आकडा चढला. ऋता हसली. मग तिने टाइलची कड दिव्याखाली धरून निरखली.

"म्हणजे आडथर दिलात शेवटी. आता माझी गरज नाही तुम्हाला."

"टाइलला नाही," विष्णुपंत म्हणाले. "मला आहे गं."

ऋताने त्यांचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. तिकीट मात्र तिने बदललं नाही, आणि त्यांनीही थांब म्हटलं नाही.