काखेतला डोळा

मी एक जुनं जाकीट आहे आणि मला बाह्या नाहीत. मित्रांनो, हसू नका. बाह्या गेल्या तेव्हाच माझं खरं आयुष्य सुरू झालं.

जाड निळ्या डेनिमचं माझं अंग. मला विकत घेतलं एका पेंटरने. तो सिनेमाची पोस्टरं रंगवायचा, तीही भिंतीएवढी. उंच शिडीवर उभा राहून तो ब्रश माझ्याच पोटाला पुसायचा, त्यामुळे कितीतरी नायिकांच्या ओठांचा लाल आणि खलनायकांच्या डोळ्यांतला हिरवा अजून माझ्या अंगावर आहे. त्याचा एक नेम होता. सिनेमा बघितल्याशिवाय ब्रशला हात लावायचा नाही. थिएटरवाले म्हणायचे, फोटो देतो, त्यावरून काढ. तो म्हणायचा, "फोटोवरून चेहरा येईल हो, भीती कुठून आणू?" सिनेमाचं त्याला वेडच होतं. आपल्या लेकीला, चिमीला, मांडीवर घेऊन तो सिनेमाला बसायचा.

मग छापील फलक आले. पेंटरने ब्रश डब्यात घातले, मला खुंटीला अडकवलं आणि तो खिडकीशी बसून राहू लागला. घर त्याची थोरली बहीण, म्हणजे चिमीची आत्या, चालवायची. ती करवादायची, "अरे, तोंडात मिठाची गुळणी धरलीयस का?" तो नुसती मान हलवायचा. हा माणूस पुन्हा ब्रश हातात घेईल की नाही, या एकाच गोष्टीचा आम्हा सगळ्यांना घोर लागला होता.

चिमी तोवर मोठी झाली होती आणि हेवी मेटल गात होती. नाव चिमी, पण आवाज असा की शेजारचं कुत्रं पलंगाखाली शिरायचं. तिच्या बँडमध्ये गल्लीतला गॅरेजवाला ड्रम बडवायचा, त्याचा भाऊ गिटार वाजवायचा, आणि तालीम त्याच्याच गॅरेजात चालायची. त्यांची सगळी गाणी भुताखेतांच्या सिनेमांवर, आणि ऐकायला येणारेही तसलेच सिनेमावेडे. त्यांच्यात रीत अशी की जाकिटाच्या बाह्या कापायच्या, आवडता बँड किंवा सिनेमा पाठीवर मिरवायचा, आणि जाकीट कधी धुवायचं नाही. आत्याला यातलं शेवटचं कलम मुळीच मान्य नव्हतं.

बँडचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला तेव्हा चिमीने मला खुंटीवरून काढलं आणि कराकरा माझ्या बाह्या कापल्या. पेंटर ताडकन उठला.

"माझं जाकीट कापलंस?" फार दिवसांनी त्याच्या तोंडून शब्द फुटले होते.

"हो. पाठीवर चित्र हवंय, बाबा. सगळीकडे विचारून आले, कुणी काढून देत नाही."

आत्या मटार सोलत होती. ती म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा! इथे घरात कोण बसलंय?"

"मला यांचं ते कोकलणं कळत नाही," पेंटर म्हणाला. "आणि बघितल्याशिवाय मी रंगवत नाही."

"मग चला की बघायला!"

कानात कापूस कोंबून तो गॅरेजात टायरवर बसला. मी चिमीच्या अंगावर होतो. आधी ड्रम हळूहळू घुमले, मग एकदम शांत, आणि मग चिमीने अशी किंकाळी फोडली की पत्रे थरथरले. पेंटरने एका कानातला कापूस काढला. थोड्या वेळाने दुसऱ्या कानातलाही काढला.

गाणं संपल्यावर तो म्हणाला, "हा तळ्यातल्या राक्षसाचा सिनेमा. आधी पाणी हलतं, मग शांत होतं, मग तो वर येतो. थिएटरातून आठवड्यात उतरला बिचारा. पोस्टर मी काढलं होतं." मग त्याने चिमीकडे पाहिलं. "पण तू तर तो बघितलाच नाहीस. तुझ्या डोळ्यांवर माझा हात होता."

"बोटांच्या फटीतून बघत होते," चिमी म्हणाली. "एका डोळ्याने."

त्याच संध्याकाळी डबा उघडला. पेंटरने मला टेबलावर पसरलं, खडूने चौकटी आखल्या आणि ब्रश टेकवला. मित्रांनो, तो ओळखीचा हात पाठीवर फिरला तेव्हा मला झालेला आनंद काय सांगू! पण त्याचं सगळं आयुष्य रस्त्यापलीकडून दिसणारे चेहरे काढण्यात गेलेलं. राक्षस इतका थोरला झाला की एक डोळा पाठीवर बसला आणि दुसरा थेट काखेखाली, शिवणीला जाऊन भिडला. कार्यक्रमाच्या दिवशी चिमीने मला अंगात घातलं तेव्हा कुठे ते दिसलं. राक्षस एकडोळ्या!

पेंटरचं तोंड एवढंसं झालं. "माझा हात गेला," म्हणत तो टर्पेंटाइनचा बोळा घेऊन पुसायलाच आला. आता हा ब्रश कायमचा सुटणार, असंच मला वाटलं. पण "उशीर होतोय!" असं ओरडत चिमी मला घेऊन पळाली.

गाणं सुरू झालं तेव्हा चिमी लोकांकडे पाठ करून उभी होती. पेंटर आणि आत्या मागच्या भिंतीशी होते. पाणी हललं, शांत झालं. मग किंकाळीबरोबर चिमीने हात वर केला आणि काखेतला डोळा उघडला! सगळं सभागृह ओरडलं. हात खाली आला की डोळा मिटायचा, वर गेला की उघडायचा. लोक "डोळा! डोळा!" करून नाचू लागले.

"अरे, मुद्दाम काढलास होय तो तिथे?" आत्याने विचारलं.

"मग काय! सिनेमा बघितलाय मी," पेंटर म्हणाला आणि त्याच बोळ्याने डोळे पुसायला निघाला. आत्याने तो वेळेवर हिसकावून घेतला.

त्यानंतर ब्रश डब्यात गेले नाहीत. कुठकुठले बँड पोस्टरं मागायला यायचे, आणि पेंटर आधी जाऊन गाणं ऐकून यायचा. माझ्या कापलेल्या बाह्या त्याने ब्रश पुसायला ठेवल्या.

पुढे चिमीचा संसार, नोकरी. मी माळ्यावरच्या ट्रंकेत पडलो. घडीवर रंग तडकला, डोळ्याची पापडी सुटली. परवा चिमीने मला बाहेर काढलं, झटकलं आणि म्हाताऱ्या झालेल्या पेंटरपुढे ब्रश धरला. "बाबा, डोळा नीट करून द्या ना."

त्याने चष्मा लावून मला निरखलं. "नीट डोळा कुणीही काढेल गं. ही चूक मला परत जमायची नाही."

मित्रांनो, जुन्या वस्तू झटका, ऊन दाखवा, पण नव्या करायची घाई करू नका. आमच्या डागांत कुणाची तरी माया असते.

चिमीने मला कसंबसं अंगात घातलं. बटणं आता लागत नाहीत. तिने पाठ फिरवली आणि हात वर केला. पेंटरने आपल्या डोळ्यांवर हात ठेवला आणि बोटांच्या फटीतून माझ्याकडे बघितलं.