रक्तगटाच्या कार्डांची बातमी

सुलोचना वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत शिवणाचा वर्ग चालवायची आणि रत्नदीपच्या वेबसाइटसाठी बातम्या लिहायची. रत्नदीपचा सिंदी मेघेत सायबर कॅफे होता. वस्तीच्या बातम्या वस्तीतल्याच लोकांनी द्याव्यात, या विचाराने त्याने दोन हजार सात साली ही वेबसाइट काढली होती. नळाला गढूळ पाणी आलं, रस्त्यावरचे दिवे गेले, की सुलोचना कागदावर लिहून न्यायची आणि तो टाइप करायचा.

एका उन्हाळ्यात भैयाजी नावाच्या लॅबमालकाने वस्तीत रक्तगट तपासणीचं शिबिर घेतलं. बोटाला सुई टोचून घ्यायला मोठी रांग लागली आणि आठवड्याभरात घरोघरी प्लास्टिकची कार्डं आली. सुलोचनाच्या कार्डावर ओ होतं, नवऱ्याच्या, प्रेमदासच्या कार्डावरही ओ. मुलीच्या कार्डावर एबी.

शिवणाच्या वर्गातल्या एकीचा भाऊ नर्सिंग शिकत होता. दोघं आईबाप ओ असले तर मूल एबी होत नाही, हे त्याने सहज सांगितलं. त्याच्या मनात काही नव्हतं, पण बोलणं गल्लीभर फिरलं. सुलोचना नळावर गेली की बायका गप्प व्हायच्या. प्रेमदासही घरात काही बोलेना, आणि तेच तिला जास्त लागलं. शेवटी तिने त्याला समोर बसवून विचारलं, "तुमाले काय वाटते?"

"मले कार्ड खोटं वाटते," तो म्हणाला. "पन लोकायले काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी तिघंही सरकारी दवाखान्यात गेले. मुलीचा रक्तगट ओ निघाला. आईबापांचे गट कार्डावर होते तेच आले. प्रेमदास रिपोर्ट खिशात घालून मुलीला घेऊन घरी गेला. सुलोचना मात्र तिथून थेट कॅफेवर गेली. भैयाजींनी रक्त न तपासताच कार्डं वाटली, लोकांची फसवणूक केली, असं तिने लिहिलं. आपल्या मुलीचं नावही घातलं. बातमी त्याच दिवशी वेबसाइटवर चढली.

थोड्याच दिवसांत भैयाजींच्या वकिलाची नोटीस सुलोचना आणि रत्नदीपच्या नावाने आली. बातमी काढा, जाहीर माफी मागा, नाहीतर बदनामीचा फौजदारी दावा लावू. रत्नदीप घाबरला. लिहिणाऱ्याइतकाच छापणाराही अडकतो, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. बातमी काढून माफी मागून मोकळं व्हावं, असं त्याचं म्हणणं. सुलोचना ऐकेना. दोघं वर्ध्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या पौर्णिमाकडे गेले.

पौर्णिमाने आधी बातमी वाचली, मग नोटीस. मग एकेका वाक्यावर बोट ठेवून, हे तुम्हाला कसं कळलं, एवढंच विचारत गेली. कार्ड चुकलं, त्याचा सरकारी रिपोर्ट होता. न तपासता कार्ड दिलं, हे कोणी पाहिलं होतं? कोणीच नाही. भैयाजींना विचारलं होतं? तेही नाही. खरं आणि लोकांच्या भल्याचं लिहिलं तर कायदा सोडतो, तिने समजावलं, पण खरं आहे हे दाखवायची पाळी आपल्यावर येते.

"ताई, कार्ड चुकलं हे तुमच्याजवळ आहे," पौर्णिमा म्हणाली. "त्यायनं मुद्दाम चुकवलं, हे तुमच्याजवळ नाई."

"मंग जे नाई ते मांगं घेईन," सुलोचना म्हणाली. "जे आहे ते काढणार नाई."

मग पौर्णिमाने तिला विचारलं, की लहान मुलीचं नाव काऊन टाकलं. लोकांची तोंडं बंद करायच्या नादात सुलोचनाने पोरीलाच चव्हाट्यावर आणलं होतं. नोटिशीने ती हलली नव्हती, या प्रश्नाने हलली. बाहेर पडल्याबरोबर तिने रत्नदीपला आधी ते नाव काढायला लावलं.

एका घराच्या रिपोर्टवर भागणार नव्हतं. ती दारोदार फिरली. कार्ड पुन्हा तपासून घ्या, तुम्ही हो म्हटल्याशिवाय तुमचं नाव कुठंही येणार नाही, असं सांगत राहिली. काहींनी दार लावून घेतलं. नळावर तिला पाहून गप्प होणाऱ्या मनकर्णाबाईंनी मात्र आत बोलावलं. त्यांच्या सुनेला दिवस गेले होते. सुनेला घेऊन सुलोचना स्वतः दवाखान्यात गेली. कार्डावर तिचा गट पॉझिटिव्ह होता, रिपोर्टात निगेटिव्ह निघाला. अशा बाईला वेळेवर इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर पुढच्या मुलाच्या जिवाला धोका असतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्या दिवसापासून सुलोचनाच्या मनातून गल्लीतली कुजबुज गेली. आता कार्डं मागे घ्यायला लावायचीच, एवढंच राहिलं.

रिपोर्ट जमले तसे चुकलेले गटही बरेच निघाले. मग ती प्रेमदासला घेऊन भैयाजींच्या लॅबमध्ये गेली. ते आधी उखडले, वकिलाशी बोला म्हणाले. तिने आवाज चढवला नाही. सुनेचं नाव झाकून रिपोर्टची झेरॉक्स त्यांच्यापुढे ठेवली आणि तुमचं काय म्हणणं आहे ते मी जसंच्या तसं छापते, म्हणाली. भैयाजींनी तो कागद उचलून वाचला. मग खालच्या आवाजात त्यांनी सांगितलं, की शिबिरात गर्दी आवरेना, रक्त घेतलेल्या काचपट्ट्यांचे नंबर आपसात मिसळले असतील, आणि कार्डं छापताना कोणी पडताळून पाहिलं नाही.

म्हणजे फसवणूक नव्हती, हलगर्जी होती. सुलोचनाने तसंच लिहिलं. आधीच्या बातमीत न तपासल्याचा आणि फसवणुकीचा आरोप केला होता, त्याला आधार नव्हता, तो मागे घेतला आहे आणि त्याबद्दल माफी मागते, हे सगळ्यात वर घातलं. त्याखाली चुकलेली कार्डं, सरकारी रिपोर्ट आणि भैयाजींचं म्हणणं. सगळ्या बातमीबद्दलच दिलगिरी घालून टाकू, असं रत्नदीपने सुचवलं.

"चुकलं त्याची माफी मागितली," ती म्हणाली. "बरोबर आहे त्याची नाई मागत."

दावा लागला नाही. भैयाजींनी सगळी कार्डं परत मागवली आणि पुन्हा शिबिर घेतलं. या वेळी प्रत्येक कार्ड दुसऱ्या माणसाने पडताळलं. रत्नदीपनेही वेबसाइटला लिहिणाऱ्या सगळ्यांना, बातमी कशी पडताळायची ते शिकायला, दर रविवारी पौर्णिमासमोर बसवायला सुरुवात केली.

मनकर्णाबाईंच्या सुनेला थंडीत मुलगी झाली. मनकर्णाबाईंनी पेढे आणले आणि ही बातमी वेबसाइटवर टाकच म्हणून त्या मागे लागल्या. सून नको म्हणाली. सुलोचनाने पेढा खाल्ला, बाळाला मांडीवर घेतलं आणि काही लिहिलं नाही.