घड्याळातला तँब्र

सासऱ्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान थोरल्या सुनेनं हाती घेतलं, त्याला वीस वर्षं झाली होती. अख्खी गल्ली तिला वहिनी म्हणे. एकदा एका निवृत्त नर्सबाईंनी आपल्या आईचं टोले देणारं घड्याळ आणलं. ते बंद पडलं होतं.

मागची झडप उघडल्यावर वहिनीला आत चिकटवलेला कागद दिसला. पेन्सिलीनं इंग्रजी अक्षरांत दोन ओळी. पहिला शब्द तिनं ‘टिंबर’ असा वाचला. पण घड्याळ सगळं पितळी, लाकूड औषधालाही नाही!

टपालखात्यातले भाऊजी, म्हणजे तिचे दीर, सहज डोकावले. लहानपणापासून तिकिटं जमवणारा माणूस. कागद पाहताच त्यांचे डोळे लकाकले.

“वहिनी, हे फ्रेंच आहे! तँब्र म्हणजे तिकीट. आत कुणीतरी तिकीट दडवलंय!”

दोघांनी मिळून स्क्रू न् स्क्रू सोडवला. भाऊजींच्या नाकाला तेल लागलं, तिकीट मात्र हाती लागलं नाही.

वहिनीला काही चैन पडेना. कागद घेऊन ती समोरच्या इमारतीतल्या फ्रेंच शिकवणाऱ्या सरांकडे गेली.

“‘तँब्र तडकलेला आहे, बदलू नये,’” सरांनी वाचलं. “घड्याळात ज्या वाटीवर टोला पडतो ना, तिलाही तँब्रच म्हणतात.”

“वाटी आणि तिकीट? यांचं नातं तरी काय?”

सर खुलले. “मूळ ग्रीक शब्द ढोलाचा. ढोलावरून हातोडीनं वाजवायची घंटा, घंटेवरून आवाजाचा पोत. घंटेसारखं दिसतं म्हणून शिरस्त्राण. ते घराण्याच्या चिन्हावर काढायचे, म्हणून चिन्ह, मग सरकारी शिक्का, आणि सरतेशेवटी टपालाचं तिकीट!”

“म्हणजे आमचे भाऊजी जन्मभर ढोलच गोळा करताहेत की!”

पण ‘बदलू नये’ का, ते सरांनाही सांगता येईना. वहिनीनं घड्याळ चालू केलं, तडकलेली कशाला ठेवायची म्हणून नवी वाटी बसवली आणि नर्सबाईंना बोलावलं. टोला खणखणीत पडला. बाईंचा चेहरा उतरला.

“हे आमचं घड्याळ वाटतच नाही हो.”

वहिनीनं जुनी वाटी परत चढवली. ठप्प!

“हां, हेच!” बाई हसल्या. “याला पडसं झालंय, असं आई म्हणायची. मी चार वर्षांची असताना एका परदेशी कारागिरानं वाटी बदलली, तर मी त्याच्या दुकानात लोळण घेतली म्हणे. बिचाऱ्यानं घाबरून जुनी परत लावली.”

“म्हणजे ही सूचना तुमच्या रडण्यापायी!” वहिनीला हसू आवरेना. “मग आता काय करू? नवी बसवू?”

“हात तर लावून बघा!” नर्सबाई म्हणाल्या.