निरोगी दाढ

दाढ मी हट्टानं उपटून घेतली. दातांचे डॉक्टर नको म्हणत होते. एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले, "बाई, दाढ ठणठणीत आहे." मी म्हटलं, दुखतंय मला की तुम्हाला? उपटा! उपटली. कळ तशीच राहिली, फक्त शेजारच्या दाढेत गेली. झक मारली आणि दाढ उपटली.

मी वॉशिंग मशिनच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेते. मशिन बिघडतं लोकांचं, शिव्या मला. त्याचं काही नाही, कानांना सवय झालीय. पण आमच्या सुपरवायझरनं, त्याला आम्ही गोडबोल्या म्हणतो, प्रत्येकीच्या टेबलावर छोटा आरसा ठेवलाय. बोलताना त्यात बघून हसायचं. हसू आवाजातून ऐकू जातं म्हणे! समोरचा माझ्या आईबापांचा उद्धार करतोय आणि मी आरशात दात काढून बसलेय, वेड लागल्यासारखी. चेहरा जरा उतरला की हा मागे हजर. "ताई, हसू कुठं गेलं?" गेलं मसणात. पण तसं म्हणायची सोय नाही, आणि घर दोघांच्या पगारावर चालतं, त्यामुळे नोकरी सोडायचीही नाही. दात आवळायचे आणि हसायचं.

संध्याकाळपर्यंत कानाखाली खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. घास चावता येईना. सगळं पातळ करून प्यायला लागले. नवरा म्हणाला, "अगं, तू फार मनाला लावून घेतेस. सोडून द्यायचं." द्यायचं! याच्या काय बापाचं जातंय.

शेवटी त्याच दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी जबडा चाचपला आणि म्हणाले, "तुम्ही झोपेतसुद्धा दात आवळता. काळजीनं, रागानं. स्नायू नुसते दगड झालेत."

"म्हणजे माझ्या मनाचे खेळ?" मी अंगावरच गेले त्यांच्या.

"नाही हो. सुरुवात मनात असेल, पण कळ जबड्यात आहे. खरीखुरी. फोनवरचं काम थांबवा, नाहीतर एक दिवस तोंड अडकून बसेल."

डॉक्टर काय म्हणाले ते सांगून मी गोडबोल्याकडे लेखी तक्रारींचं टेबल मागितलं. तिथे आरसा नाही, सुपरवायझरही वेगळा. तो गोड हसला. "मानसिक आहे म्हणजे तसं काहीच नाही ना, ताई? ठीक आहे, कंपनीचे डॉक्टर ठरवतील."

कंपनीच्या डॉक्टरांची परीक्षा सोपी होती. तीन बोटं उभी धरून तोंडात घालायची, मावली तर जबडा चांगला. माझं एक मावलं, तेही कसंबसं, डोळ्यांतून पाणी काढून. डॉक्टरांनी मान हलवली, पेन उचललं. माझ्या जिवात जीव आला. सुटले बाई एकदाची.

तेवढ्यात माझ्याबरोबर आलेला गोडबोल्या कोपऱ्यातून म्हणाला, "डॉक्टर, मी यांच्या मिस्टरांशी बोललो. घरीही अशीच नाटकं चालतात म्हणे."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "नाटकं? अरे मेल्या, चांगली दाढ उपटून घेतलीय मी तुझ्या पायी! नाटकात दाढा उपटतात का रे? आणि तो घरचा, बायकोची चुगली करतो? त्याला तर मी बघतेच!" काय काय बोलले, देव जाणे. इतक्या दिवसांचं सगळं बाहेर आलं. आणि खरं सांगू? फार बरं वाटलं. कळ पार गेली.

डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघत होते. ते उघडं होतं, चांगलं मोठं.

"परत बोटं घाला बरं."

तीनही मावली.

"बघा," गोडबोल्या हळूच म्हणाला. डॉक्टरांनी लिहिता लिहिता वाचून दाखवलं, "जबडा व्यवस्थित. फोनवर बसायला हरकत नाही."

अहो, ओरडले म्हणून उघडला! रोज ओरडू देतं का कुणी मला? हे तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. गोडबोल्यानं दार उघडून धरलं. "चला ताई, फोन वाजतायत." त्याच्या तोंडाकडे बघितलं मात्र, कानाखाली कट्कन वाजलं आणि जबडा अडकून बसला.

मी धावत डॉक्टरांच्या टेबलाशी गेले. आता बघा, आत्ता बघा, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडेना. घशातून नुसतं घूं घूं.

त्यांनी पुढच्या माणसाचा कागद ओढला होता. वर न बघता म्हणाले, "बाई, पुरे झालं आता."