वीस किलो

मी वाण्याच्या दुकानातला वजनकाटा बोलतोय. गोड बोलायची सवय मला नाही आणि आज तर इच्छाही नाही.

खाली लोखंडी पाट, वर दांडी, दांडीवर सरकणारं वजन, असा मी. मालक पोतं ठेवायचे, वजन सरकवायचे आणि आकडा मोठ्याने पुकारायचे. काट्यापुढे बाप नाही अन् भाऊ नाही, म्हणायचे. मालकीणबाई चिडवायच्या, की देवाने यांना जिभेच्या जागी माझी दांडीच बसवलीय. बावीस वर्षं मी त्या आवाजावर फुशारलो. गाढव होतो.

मग लढाई आली. एका सकाळी भिंतीवर हुकूम चिकटला: मालकांच्या समाजातल्या सगळ्यांनी दोन तासांत स्टेशनावर यायचं, माणशी वीस किलो सामान, जास्त भरेल ते जप्त. गुन्हा काय, तर आडनाव. सामान तोलायला शिपायांनी मलाही उचलून फलाटावर नेलं. तिथे अधिकाऱ्याला माझी दांडी वाचता येईना. छातीवर एवढी पदकं, आणि साधा काटा कळत नाही मेल्याला! त्याने मालकांनाच आकडे पुकारायला उभं केलं.

पहिलं गाठोडं त्यांच्याच धाकटीचं. पाच वर्षांची पोर, छाती अधू, थंडी बाधली की धाप लागायची. म्हणून सगळ्यात वर तिची लोकरीची रजई. मालकांनी वजन सरकवलं आणि सवयीने पुकारलं, "साडेएकवीस."

शिपायाने रजई ओढली आणि ढिगावर फेकली. मला तोंड असतं तर तिथेच शिव्या घातल्या असत्या, शिपायाला आणि मालकांनाही.

मालकीणबाई रडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "एवढंसं खोटं बोलता आलं नाही तुम्हाला? पोरीसाठी?"

मालक पांढरेफटक पडले. पुढचं गाठोडं शिंपीणबाईंचं, दोन जाड कांबळी कोंबलेलं. माझी दांडी सव्वीसवर थांबली.

"वीस," मालक म्हणाले.

मग एकतीस आले, तेही वीस. अठ्ठावीस, वीस. दुपारपर्यंत अख्ख्या आळीचं सामान वीस-वीस किलोचं झालं. शेवटी अधिकाऱ्याने एक गाठोडं स्वतः उचलून पाहिलं. मालकांना शेडमागे नेलं. गोळीचा आवाज झाला आणि गाडी सुटली.

दुकान शेजाऱ्याने बळकावलं, माझ्यासकट. फलाटावर पडलेला मीही त्यानेच उचलून परत आणला.

नऊ वर्षांनी दारात एक मुलगी आली. तिच्या छातीतली घरघर ऐकून मी ओळखलं: धाकटी. आई आणि ताई बाहेर रस्त्यात उभ्या होत्या. आईला उंबरा चढवेना. शेजारी लगबगीने पुढे झाला. बाबा फार सचोटीचे होते हो तुझे, लोक अजून नाव काढतात, असं काय काय म्हणाला.

"सचोटीने माझी रजई गेली," ती म्हणाली. "मग ते खोटं बोलले, म्हणून शिंपीणकाकूंची कांबळी वाचली. तिकडचे सगळे हिवाळे मी त्यातल्या एकात काढले. म्हणून आज इथे उभी आहे. आता दुकानाची किल्ली द्या."

शेजारी कागदपत्रांचं बोलू लागला. ती जागची हलली नाही. अजून उभी आहे.

तुम्ही मला खरा काटा म्हणून मिरवू नका. चुलीत गेला तो खरेपणा. बंदूकवाल्याने वजन विचारलं, तर खरा आकडा सांगू नका. हे एक वजनकाटा सांगतोय.