दगडी जबड्याचे खरे घराणे

मित्रांनो, मी एक जबडा आहे, तोही अर्धाच. माझा धनी मांसाहारी डायनासोर होता. तो गाळात बुडाला आणि कोट्यवधी वर्षांत माझा दगड झाला. ऑक्सफर्डजवळच्या खाणीत जोब टकवेल नावाच्या कामगाराची पहार लागून माझे दोन तुकडे झाले. पण त्याने ते फेकले नाहीत. भर थंडीत अंगातला कोट काढून त्यात मला गुंडाळले आणि चार मैल चालत गावच्या संग्रहालयात पोचवले. ते उपकार मी विसरलेलो नाही.

तिथल्यांनी मला प्लास्टरने सांधले आणि चिठ्ठी लावली, 'मेगॅलोसॉरस'. त्या काळी मोठ्या मांसाहारी डायनासोरचे कुठलेही हाड सापडले, की बहुधा हेच नाव मिळे. पुढे शंभर वर्षे मी खणात पडून होतो.

मग ब्रायनी पेंगेली ही तरुण संशोधक आली. ती म्हणे, धारदार दात वाघालाही असतात आणि शार्कलाही; म्हणून ते भाऊबंद होत नाहीत. घराणे म्हणजे एक पूर्वज आणि त्याची झाडून सगळी संतती. ते ओळखायचे त्या पूर्वजाकडून आलेल्या खुणांवरून. माझ्या दातांच्या मुळाशी असलेल्या हाडाच्या चकत्या तिला एकमेकींशी जुळून एकसंध झालेल्या दिसल्या; ही ॲलोसॉरस या दुसऱ्या मांसाहारी डायनासोरच्या घराण्याची खूण. मुख्यतः त्यावरून तिने मला त्या घराण्यात घातले, तेही त्यातला सर्वांत जुना म्हणून. तिचे नाव झाले. मला काचेचे कपाट मिळाले.

बारा वर्षांनी माझा सांधा सैल झाला. हाडे साफ करणारे डेरेक पिगॉट जुने प्लास्टर सुईने खरवडता खरवडता थांबले. चकत्या जुळलेल्या नव्हत्याच. मधल्या फटी प्लास्टरने बुजल्या होत्या.  मग त्यांनी ब्रायनीला बोलावले आणि भिंग तिच्या हाती दिले.

ती बराच वेळ पाहत राहिली.

"अजून कुणाला बोललो नाही मी," डेरेक म्हणाले. "चहा टाकू?"

"टाका. आणि तो दिवा जवळ घ्या, फोटो काढू. माझी चूक मीच छापते, डेरेककाका. दुसरा कुणी फार चवीने छापेल."

तिने महिनोन्महिने एकेक खूण पुन्हा ताडून पाहिली. मी मेगॅलोसॉरस नव्हतो, पण त्याच्याच घराण्यातला, चुलत भाऊ निघालो. हे तिने संशोधकांच्या सभेत मांडले तेव्हा काही जण हसले. तीही हसली आणि पुढचा कागद वाचू लागली. माझा 'सर्वांत जुना' हा मान गेला, कपाटही गेले. तरी मी सुखी आहे, कारण आता मी माझ्या माणसांत आहे.

नवी चिठ्ठी तिने पेन्सिलीने लिहिली. डेरेकनी कारण विचारले, तर म्हणाली, "पुढच्याला खोडता यावं म्हणून."

मित्रांनो, मला जपायचे तर नुसती धूळ पुसू नका. पुन्हा पुन्हा नीट पाहा. चिठ्ठीवर अजून बरीच जागा कोरी आहे.